बिनव्याजी हिंदुराव

हिंदुरावांची गाडी पहिल्यांदा आमच्या नारायण पेठेतल्या बोळात शिरली, तेव्हा तिचं तोंड माझ्या कचेरीच्या दाराशी होतं आणि शेपूट अजून खराडीत होतं. आमच्या बोळाची रुंदी दोन सायकली आणि एक भांडण, एवढीच आहे. त्यात ही पांढरी, बैलगाडीच्या दुप्पट उंचीची वस्तू दोन्ही भिंतींचा चुना आरशांवर घेत आत आली आणि बाटलीच्या तोंडात बूच बसावं तशी बसली. लक्ष्मी रस्त्यापर्यंत हॉर्न वाजू लागले. समोरच्या गॅलरीतल्या लेले काकूंनी खाली पाहून विचारलं, “काय हो, विसर्जन आहे का आज?” तेव्हा मे महिना होता आणि साल २००४.

गाडीतून आधी एक पांढरी कोल्हापुरी चप्पल उतरली. मग सोनं उतरलं. सोन्याच्या मागोमाग, बऱ्याच वेळाने, हिंदुराव उतरले. माझ्या जिन्याशी एक पाटी आहे: ‘पायऱ्या सोळा आहेत. मोजून चढाव्यात.’ हिंदुराव वर आले, माझ्याकडची एकमेव धड खुर्ची त्यांनी पूर्ण व्यापली, आणि नमस्कारही न करता म्हणाले, “वकीलसाहेब, पंधराच हायेत. एक पायरी तुमच्या बिल्डरनं खाल्ली.”

मी वकील नाही, साधा कर सल्लागार आहे, आणि त्या पायऱ्या मी बारा वर्षं चढत होतो. या माणसाच्या आगाऊपणाची मला कीव आली. संध्याकाळी सगळे गेल्यावर मोजल्या. पंधराच होत्या.

गाडी बोळातून मागे निघायला तीन तास लागले. तेवढ्यात मला एक अशील मिळालं. पुढे ते आठ वर्षं टिकलं. त्या आठ वर्षांत हिंदुरावांनी माझा सल्ला एकदाही पूर्ण ऐकला नाही, हे इथेच सांगून टाकतो.

हिंदुराव खराडीचे. त्यांच्या वडिलांनी जिथे गवार आणि कोथिंबीर केली, तिथे एकाएकी काचेच्या इमारती उगवल्या. गळ्यात ओळखपत्राची दोरी घातलेली पोरं त्या काचांच्या आड बसून अमेरिकेतल्या लोकांची बिलं दुरुस्त करायला लागली. गावातल्या प्रत्येकाला ज्याच्या-त्याच्या वकुबाप्रमाणे साक्षात्कार झाला. कुणी खानावळ काढली, कुणी मुलींसाठी वसतिगृह. हिंदुरावांना झालेला साक्षात्कार असा होता: “जमीन इकायची न्हाई. भाड्यानं द्यायची. म्हंजे म्हैस आपली आन दूधबी आपलं.”

तिघा भावांच्या नावावर असलेल्या वावरात त्यांनी पाच मजले बांधायला काढले. थोरले हिंदुराव, मधले धोंडिबा, आणि धाकटा मच्छिंद्र. मच्छिंद्र सांगतील तिथे सही करायचा. त्याला या गोष्टीत दुसरं काम नाही. तिघांची भागीदारी फर्म झाली आणि ती मजले कंपन्यांना भाड्याने देणार होती. बँकेने कर्ज दिलं, पण चौथ्या मजल्यावर ते संपलं. पाचवा मजला आकाशात आणि छपराच्या सळया केसांसारख्या उभ्या, अशा अवस्थेत ऐंशी लाख कमी पडले. हिंदुरावांनी हायवेच्या बाजूचा स्वतःच्या वाटणीचा माळ विकला होता. ते पैसे त्यांनी फर्मला दिले. हे खरोखरच मोठं काम होतं. इतर कुणी केलं असतं तर मी त्याचं कौतुक केलं असतं. हिंदुरावांच्या बाबतीत ती सोय नव्हती, कारण ते कौतुक त्यांनी स्वतःच पूर्ण करून टाकलं होतं.

कर्जाचा कागद करताना मी त्यांना समोर बसवून समजावून सांगितलं. “हे बघा हिंदुराव, भागीदाराने फर्मला कर्ज दिलं की त्यावर व्याज लावता येतं. बारा टक्के. फर्मच्या भाड्यातून हे व्याज वजा होतं, आणि फर्मचा कर कमी होतो.”

“कमी व्हतो ना? मग लावा,” हिंदुराव म्हणाले.

“पूर्ण ऐका. जेवढं व्याज फर्म वजा करते, तेवढं तुम्ही तुमच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवायचं. हातात पैसे घ्या नाहीतर फर्मच्या वहीत तुमच्या नावावर जमा राहू द्या, दाखवायचंच. तुमचं स्वतःचं उत्पन्न सध्या कमी आहे, म्हणून एकूण थोडा फायदा—”

‘दाखवायचं’ या शब्दाला त्यांचा मोबाईल वाजला. मोबाईल त्या काळात नवा होता आणि हिंदुराव त्यावर खराडीला थेट ऐकू जाईल अशा आवाजात बोलत. बोलता बोलताच त्यांनी चार ठिकाणी सह्या ठोकल्या, आणि उठले. कायद्याच्या एका वाक्याचा पूर्वार्ध घेऊन ते गेले. उत्तरार्ध माझ्या टेबलावर राहिला.

आता त्यांच्या भावकीतली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढची सगळी गंमत वाया जाईल. भावाला पैसे द्यावेत, मोजून द्यावेत, चार लोकांत मागावेत, प्रसंगी त्यावरून डोकीही फोडावीत. पण भावाकडून व्याज घेऊ नये. व्याज घेतलं की तो माणूस सावकार झाला. चैत्रात भैरवनाथाची पालखी निघते, तिला पहिला खांदा ज्याच्या नावावर असा डाग नाही तोच देतो. गेली नऊ वर्षं तो मान हिंदुरावांचा होता. खांद्यावर रेशमी उपरणं टाकून ते पालखीखाली उभे राहत, तेव्हा देवाला आपल्यामुळे उंची आली अशी त्यांची मुद्रा असे.

ऐंशी लाख दिल्यापासून तर त्यांना कंठ फुटला. लग्नात फेटा बांधून हातात माईक दिला की वधूवरांना आशीर्वाद चार शब्दांत उरके, आणि मग, “भावाभावांत कसं असावं, त्याचं उदाहरण मला शोधाया जावं लागत न्हाई. ऐंशी लाख. बिनव्याजी. ह्यो हिंदुराव भावाचं व्याज खात न्हाई!” बारशाला बाळ रडत असे आणि हे बिनव्याजी सांगत असत. दशक्रियेला घाटावर, कावळा शिवायची वाट पाहणाऱ्या लोकांसमोर उभे राहून ते म्हणत, “गेलेला माणूस चांगला व्हता,” आणि पुढच्या श्वासाला स्वतःवर येत. एका दहाव्याला तर कावळा त्यांच्या भाषणाच्या मध्यावरच शिवला. लोक म्हणाले, मयताला हे ऐकवेना.

आणि या सगळ्या भाषणांना धोंडिबा हजर असायचे. अंगाने किरकोळ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. इमारतीची टाकी भरली का, लिफ्ट कुठे अडकली, तिसऱ्या मजल्यावरच्या कंपनीने भाड्याचा चेक दिला का, हे सगळं तेच बघत. हिंदुराव आले की ते खुर्चीतून उठत. हिंदुरावांना कुठे जायचं असलं की गाडी तेच चालवत. त्या पहिल्या दिवशी आमच्या बोळात तीन तास गाडी मागे-पुढे करणारा घामाघूम माणूस धोंडिबाच होता. मी त्याला ड्रायव्हर समजून ‘थंड पाणी खाली नळावर आहे’ असं वरूनच सांगितलं होतं. भावाच्या बिनव्याजीपणाचं व्याज हा माणूस रोज फेडत होता.

इकडे फर्मच्या वहीत दरसाल नऊ लाख साठ हजार रुपये व्याज हिंदुरावांच्या नावावर जमा होत होतं. फर्म ते भाड्यातून वजा करत होती, कर कमी भरत होती, आणि हिंदुराव दरवर्षी मला फोन करून “यंदा टॅक्स कमी आला, शाब्बास” म्हणत होते. मी दरवर्षी एका चिठ्ठीवर आकडा लिहून द्यायचो: ‘हे व्याज स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवणे.’ खाली दोन रेघा.

कारण हिंदुरावांचं स्वतःचं रिटर्न माझ्याकडे नव्हतंच. जमिनीच्या खटल्यांत ते एक धडा शिकले होते: एका वकिलाला सगळे कागद दाखवायचे नाहीत. सातबारा एकाकडे, वाटणीपत्र दुसऱ्याकडे, नकाशा तिसऱ्याकडे. कुणालाच पूर्ण कळलं नाही, की कुणी फितूर होत नाही. कोर्टात या युक्तीने ते दोन खटले जिंकले होते आणि पाच हरले होते. पाचांबद्दल ते बोलत नसत. त्याच शहाणपणाने फर्मचं काम माझ्याकडे, आणि घरचं रिटर्न गावातल्या पोपटकडे. पोपट तलाठी कचेरीसमोर झेरॉक्स काढायचा, पासपोर्टचे फोटो काढायचा, आणि जुलै महिन्यात रिटर्न भरायचा. गावात कुणाची गोष्ट पोपटला कळली, की तिच्या प्रती काढायला त्याला यंत्र लागत नसे.

तेव्हा माझी चिठ्ठी पोपटकडे कशी पोचणार? हिंदुराव ती खिशात घालत, आणि घरी भैरवनाथ यात्रेच्या पावत्यांच्या फायलीत लावून टाकत. पुढे मी विचारलं, “म्हणजे तुम्हाला माहीत होतं?” तर म्हणाले, “म्हाईत व्हतं. पर वाचलं नव्हतं.”

२००९ साली नोटीस आली. आधी एका वर्षाची तपासणी निघाली, मग मागची तीन वर्षं उघडली. फर्म म्हणते, चार वर्षांत हिंदुरावांना अडतीस लाख चाळीस हजार व्याज दिलं. हिंदुरावांच्या रिटर्नमध्ये त्या जागी पोपटच्या सुवाच्य अक्षरात शून्य. दोघांपैकी एक खोटं बोलतंय. कोण, ते येऊन सांगा.

हिंदुराव माझ्या कचेरीत आले ते पंधरा पायऱ्या तीन टांगांत चढून. “तुम्ही माज्या नावावर व्याज लिवलंच कसं?”

“तुमची सही आहे. चार ठिकाणी.”

“सही म्या टॅक्स कमी व्हतो म्हणून केली! व्याज घेतो म्हणून न्हाई केली!”

“हिंदुराव, ते एकच वाक्य होतं.”

“मग एवढं मोठं वाक्य करायचं कशाला?” ते कडाडले. “तुमच्या पेठेत पानी अर्धा तास येतं आन वाक्यं दोन दोन तास!”

मी त्यांना सरळ हिशेब सांगितला. व्याज घेतलं असं कबूल केलं, तर बारा लाखांच्या आसपास कर त्यांना एकट्याला, वर दंड वेगळा. घेतलंच नाही म्हटलं, तर फर्मची वजावट खोटी ठरते. मग तेवढाच कर फर्मला, म्हणजे तिघा भावांना. दोन्हींत सरकारला फरक पडत नव्हता. हिंदुरावांना पडत होता. कबूल केलं की कागदोपत्री, सरकारी शिक्क्याखाली, ते भावाचं व्याज खाणारे ठरणार होते. आणि चैत्र दोन महिन्यांवर आला होता.

सुनावणीला ते पांढरे शुभ्र कपडे घालून आले. फर्मतर्फे धोंडिबा आले होते, किल्ल्यांसकट. अधिकारी एक तिशीच्या बाई होत्या. त्यांच्या टेबलावर फायलींच्या दोन भिंती होत्या आणि चेहऱ्यावर, या दोन भिंती आज संपवायच्या आहेत, असा भाव होता.

“आपण फर्मकडून चार वर्षांत अडतीस लाख चाळीस हजार व्याज घेतलं का?” बाईंनी विचारलं.

“एक पैसा न्हाई! भैरवनाथाची आण!”

“भैरवनाथांची सही चालत नाही. आपली लागेल,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद पुढे सरकवला. “घेतलं नाही, असं लिहून द्या. मग वजावट रद्द करून कर फर्मकडून घेऊ.”

हिंदुरावांनी विजयी मुद्रेने पेन उचललं. तेवढ्यात किल्ल्या वाजल्या. धोंडिबा बोलले. पाच वर्षांत मी त्यांचा आवाज नीट असा पहिल्यांदाच ऐकला.

“दादा, घेतलंय म्हण की. तुजं काय जातंय?”

“नाव जातंय माजं!”

“आन आमचं काय जातंय ते बघ की. वैशाखात पोरीचं लगीन हाय माज्या. मी आठ-धा लाखाची जुळणी करून बसलोय, त्यातलं सरकारला देऊ व्हय?”

“बाईंसमोर बोलायचं न्हाई, धोंड्या.”

“चार वर्सं माईकवर तूच बोलतुयास,” धोंडिबा म्हणाले. “लग्नात बिनव्याजी, बारशात बिनव्याजी, मयताला बिनव्याजी. लोकं मला बघून म्हणत्यात, ह्यो बघ ऐंशी लाखवाला. मी तुजी गाडी चालवली, तू आला की उटलो. आन वहीत तुज्या नावावर अडतीस लाख चढत्यात, हे मला आज या बाईंकडनं कळतंय. घेतलंबी तूच, न घेतल्याची कीर्तीबी तूच. एक कायतरी ठिव!”

बाईंनी फायलीतून डोकं वर काढलं होतं. त्यांना बहुधा वर्षभरात पहिल्यांदाच काही ऐकावंसं वाटलं असावं. “दहा मिनिटं देते,” त्या म्हणाल्या. “बाहेर ठरवून या.”

बाहेरच्या व्हरांड्यात हिंदुरावांनी मला कोपऱ्यात ओढलं. सोन्यासकट त्यांना घाम आला होता. “साहेब, एक करा. घेतलं, पर मनानं घेतलं न्हाई, असं कुठलं कलम न्हाई का?”

“आयकर कायद्यात मन नाही, हिंदुराव.”

“मग अर्धं घेतलं म्हणू?”

“अर्धा सावकार म्हणून पालखीला अर्धा खांदा देणार का?”

धोंडिबा दूर बाकावर बसले होते आणि हिंदुराव त्यांच्याकडे चालत गेले तरी उठले नाहीत. मला वाटतं, त्या दिवशी जे काही ठरलं, ते तिथे ठरलं. हिंदुराव त्या न उठणाऱ्या भावासमोर क्षणभर उभे राहिले, वळले, थेट आत गेले, आणि माईक नसतानाही साऱ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “लिवा बाई. घेतलं. धोंड्याच्या पैशानं माजं नाव राखायला मी काय मेलो न्हाई!”

आणि त्यांनी सही केली. एकच, पण या वेळी कागद शेवटपर्यंत वाचून.

खोटं कशाला सांगू, मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. आयुष्यभर नावाच्या फुग्यात हवा भरणाऱ्या माणसाने तो भावाच्या मुलीच्या लग्नासाठी स्वतःच्या हाताने फोडला, असं मी घरी बायकोला सांगितलं. तिच्यापुढे मी जरा भाषणच केलं. हा आदर सुमारे तीन आठवडे टिकला.

चौथ्या आठवड्यात हिंदुराव कचेरीत आले. कराचं चलन भरून झालं होतं. गाडी नदीकाठी लावून, चालत, शांतपणे आले. बसले. पाणी प्यायले. म्हणाले, “धोंडिबाला फोन लावा. चेक काढायला सांगा. अडतीस लाख चाळीस हजार.”

“कसला चेक?”

“व्याजाचा.”

“हिंदुराव, तुम्ही तर भावाचं व्याज…”

“खात नव्हतो,” ते म्हणाले. “आता सरकारला लिवून दिलंय, घेतलं म्हणून. शपथेवर. मग न घेता ऱ्हाऊ? खोटी शपथ व्हईल की ती! आन साहेब, टॅक्स भरलाय म्या त्याच्यावर. टॅक्स भरलेला पैसा दुसऱ्याकडं कोन ठिवतं?”

वीस वर्षांच्या धंद्यात मी कर चुकवण्याच्या शेकडो सबबी ऐकल्या आहेत. सरकारशी प्रामाणिक राहण्यासाठी भावाकडून वसुली करणारा माणूस मी एकच पाहिला. आणि मुद्दा असा, की त्यात कायद्याची चूक काढायला तसूभर जागा नव्हती. जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझं वाक्य उत्तरार्धासकट पाळलं होतं.

फर्मने पुढची भाडी तारण ठेवून बँकेचं कर्ज काढलं आणि हिंदुरावांना चार चेक दिले. वैशाखात धोंडिबांच्या मुलीचं लग्न झालं. हिंदुरावांना पहिल्या सोफ्यावर बसवलं, फेटा बांधला, नारळ दिला. माईक दिला नाही. ते बराच वेळ घसा खाकरत होते.

धोंडिबा हल्ली बसूनच बोलतात आणि स्वतःची गाडी चालवतात. हिंदुराव दर एकतीस मार्चला फर्मकडून व्याजाचा चेक घेत आणि रिटर्नमध्ये नेमक्या रकान्यात दाखवत. २०१२ साली धोंडिबांनी बँकेकडून पैसे उचलून त्यांचे ऐंशी लाख परत केले, तेव्हा तेही थांबलं आणि त्यांचं माझ्याकडे येणंही. जिन्याच्या पाटीवर मी सोळाचे पंधरा केले आहेत.

भैरवनाथाच्या पालखीला त्या चैत्रापासून पहिला खांदा पोपट झेरॉक्सवाला देतो. त्याला भाऊ नाही.